पुसलेल्या फोटोंचा माग

२००९ सालच्या नोव्हेंबरअखेर मुंबईत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांवर एकाएकी गर्दी वाढली. शिवडी नाक्यावरची आणि टोकरशी जिवराज रस्त्यावरची छोटी दुकानेही त्याला अपवाद नव्हती. गोदीत, तेलाच्या डेपोत, गोदामांत काम करणारी माणसे आपला ‘चायना मोबाइल’ घेऊन येत आणि एकच प्रश्न विचारत. हा आता बंद पडणार का? केंद्राच्या दूरसंचार खात्याने कंपन्यांना आदेश दिला होता, की ज्या हँडसेटला स्वतःचा आयएमईआय क्रमांक नाही त्यांची सेवा ३० नोव्हेंबरनंतर बंद करावी. असे हँडसेट देशात सुमारे अडीच कोटी असावेत असा तेव्हाचा अंदाज होता. सुमारे दोनशे रुपये घेऊन खरा क्रमांक बसवून देण्याची एक अधिकृत योजनाही निघाली. अनधिकृतपणे कोणताही क्रमांक बसवून देणारे तर त्याहून स्वस्तात मिळत.

आयएमईआय म्हणजे हँडसेटचा जन्मक्रमांक. तो १५ अंकी असतो. फोनवर *#०६# दाबले की पडद्यावर येतो. त्यातला शेवटचा अंक आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे मनाला येईल तो क्रमांक लिहिला तर तो बहुधा चटकन पकडला जातो. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे अंक दुप्पट करायचे, दुप्पट दोन अंकी झाली तर त्या दोन अंकांची बेरीज घ्यायची, उरलेले अंक तसेच मिळवायचे आणि एकूण बेरीज दहाच्या पटीत यावी असा शेवटचा अंक निवडायचा. ४९०१५४२०३२३७५१८ हा क्रमांक घेऊन पाहा. पहिल्या चौदा अंकांची बेरीज ५२ येते, म्हणून पंधरावा अंक ८. आठवीच्या वर्गाला हा खेळ फार आवडतो.

या क्रमांकाचा आग्रह मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर अधिकच वाढला. हल्लेखोरांजवळ सापडलेले नोकिया हँडसेट खरे होते. त्यांच्या आयएमईआयवरून ते चीनमधल्या कोणत्या कारखान्यात तयार झाले आणि कोणत्या देशात रवाना झाले, हे न्यायालयापुढे सांगता आले. जप्त केलेल्या जीपीएस यंत्रांच्या स्मृतीतून समुद्रातल्या वाटेच्या नोंदी वाचता आल्या. मेलेल्या माणसाच्या खिशातले यंत्र साक्ष देऊ शकते हे सगळ्या देशाने पाहिले. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला. ज्या यंत्राला नाव नाही, जन्मक्रमांक नाही, माहितीपुस्तिका नाही, त्याची साक्ष कशी घ्यायची? आणि त्यातली माहिती मालकाने पुसून टाकली असेल तर?

हे फोन आले कुठून ते थोडक्यात पाहू. त्याआधी मोबाइल बनवणे हे मोजक्या मोठ्या कंपन्यांचे काम होते, कारण रेडिओ, आवाज, पडदा, कॅमेरा या प्रत्येकासाठी वेगळी विद्या लागे. तैवानच्या मीडियाटेक कंपनीने यातले जवळजवळ सगळे एका चिपमध्ये आणले आणि चिपबरोबर तयार सॉफ्टवेअरही दिले. आता वीस-पंचवीस माणसांचा कारखानासुद्धा फोन बनवू शकत होता. चीन सरकारने २००७ मध्ये हँडसेट बनवण्यासाठी लागणारा परवाना रद्द केला आणि शेन्झेन शहरातून अशा फोनांचा लोंढा सुटला. चिनी भाषेत त्यांना ‘शानझाय’ म्हणतात. मूळ अर्थ डोंगरातला लुटारूंचा गड. मोठ्या कंपनीच्या नावातले एखादे अक्षर बदललेले, दोन सिम, कर्णा लावल्यासारखा आवाज, अँटेना ओढून टीव्ही पाहण्याची सोय. ‘५ मेगापिक्सेल’ असे छापलेल्या कॅमेऱ्याच्या आत पुष्कळदा ६४० गुणिले ४८० बिंदूंचाच संवेदक असे, बाकीचे बिंदू सॉफ्टवेअर मधल्या मध्ये भरून काढी. फसवणूक होतीच. पण ज्याला महिन्याच्या पगारात खरा कॅमेरा फोन परवडत नव्हता त्याने आपल्या मुलाचा पहिला फोटो याच फोनवर काढला, हेही खरे.

आता ‘पुसणे’ म्हणजे काय ते समजून घेऊ. आपण शिक्षक आहोत, तेव्हा शाळेतलेच उदाहरण घ्या. एखादे मूल शाळा सोडून गेले असे समजून कारकुनाने पटावरून त्याचे नाव कमी केले. कॅटलॉगमध्ये रेघ मारली. पण मूल मात्र वर्गात तिसऱ्या बाकावर बसूनच आहे! हजेरीत त्याचे नाव येत नाही, म्हणून कोणाच्या लेखी ते नाही. त्या बाकावर नवे मूल येऊन बसेपर्यंत ते तिथेच राहते. संगणकात आणि मोबाइलमध्ये फोटो डिलीट केला की नेमके हेच होते. पटावरची नोंद रद्द होते, फोटो जागेवर राहतो.

असे का केले? आळस नव्हे, काटकसर. सगळी जागा धुऊन काढायला वेळ लागतो, नोंद रद्द करायला क्षणही लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्ड यांनी १९७७ मध्ये ‘फॅट’ ही पटपद्धत रचली. तिच्या पुढे रूढ झालेल्या रूपात फाइल पुसली की तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ई५ हे चिन्ह लिहिले जाते आणि तिने अडवलेली जागा मोकळी असल्याची नोंद होते. बस्स. १९८२ मध्ये पीटर नॉर्टन यांनी ही गोष्ट हेरून चुकून पुसलेल्या फाइली परत आणणारा कार्यक्रम विकायला काढला. पहिले अक्षर कायमचे गेलेले असल्यामुळे असे कार्यक्रम ते वापरणाऱ्यालाच विचारत. नावाचे पहिले अक्षर कोणते होते, सांगा. त्या काळी हा चुकलेल्या माणसाला मदतीचा हात होता, पोलिसी काम नव्हे. पुसलेली माहिती राजकारण हादरवू शकते हे अमेरिकेत १९८६-८७ साली दिसले. इराण-काँट्रा प्रकरणात ऑलिव्हर नॉर्थ यांनी आपले विद्युत्-संदेश पुसले होते, पण त्यांच्या प्रती राखीव फितींवर शिल्लक निघाल्या आणि चौकशी समितीच्या हाती लागल्या.

मोबाइलमध्ये मात्र तबकडी किंवा फीत नसते. असते ती फ्लॅश स्मृती. तिचे जनक जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका. त्यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. सगळी स्मृती एका झटक्यात पुसली जाते हे पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याच्या झगमगाटाची आठवण झाली आणि हे नाव पडले, असे सांगतात. (या शोधाचे मोल कंपनीने केले नाही म्हणून मासुओका यांना पुढे न्यायालयात जावे लागले. २००६ मध्ये ८.७ कोटी येनवर तडजोड झाली. आज ज्या वस्तूशिवाय जगाचे पान हलत नाही तिची ही किंमत.)

फ्लॅशचा एक स्वभाव आपल्या गोष्टीसाठी कळीचा आहे. कोऱ्या फ्लॅशमध्ये सगळीकडे १ असतो. लिहिणे म्हणजे काही ठिकाणी १ चा ० करणे. पण एकट्या ० चा पुन्हा १ करता येत नाही. त्यासाठी अख्खा गठ्ठा, समजा १२८ किलोबाइटचा, एकदम पुसावा लागतो. म्हणजे ही अशी पाटी आहे, की तिच्यावरचा एक शब्द बोटाने पुसता येत नाही, पुसायची तर पूर्ण पाटी धुवावी लागते. शिवाय पाटी धुण्याच्या वेळाही मोजक्याच, काही हजार ते एक लाख, त्यापुढे ती झिजते. त्यामुळे फोन काय करतो? बदललेला शब्द दुसऱ्या पाटीवर नव्याने लिहितो आणि जुन्यावर ‘रद्द’ अशी खूण करतो. जुन्या पाट्या साचल्या की मग कधीतरी सवडीने धुतो. याचा अर्थ असा, की फ्लॅशमध्ये एकाच गोष्टीच्या दोन-तीन जुन्या प्रती मागे राहू शकतात आणि त्या मालकाला कधीच दिसत नाहीत. तबकडीवर जे जुन्या जागीच पुन्हा लिहिल्यामुळे नाहीसे झाले असते ते इथे कोपऱ्यात पडून असते.

हे लक्षात घेतले की जप्त केलेला फोन चालू करून पाहू नये असे तपासनीसांना का बजावतात ते कळेल. फोन चालू झाला की तो लिहू लागतो आणि सवड मिळाली की पाट्याही धुऊ लागतो. कुतूहलापोटी दाबलेले एक बटण हवा तो फोटो कायमचा घालवू शकते.

नामवंत कंपनीच्या फोनसाठी तपासाची तयार उपकरणे होती. केबल लावा, फोनशी ठरलेल्या भाषेत बोला, माहिती उतरवून घ्या. नकली फोनने ही सगळी व्यवस्था पालथी घातली. बाहेरून एका कंपनीचा, आतून दुसऱ्याच चिपचा. चार्जिंगचे भोक नेहमीचे, पण त्यातल्या कोणत्या पिनेतून माहिती जाते-येते ते प्रत्येक कारखान्याचे निराळे. कोणाला विचारायचे, तर कारखान्याचा पत्ताच नाही. आणि केबलने बोलला तरी फोन पटावरचीच नावे सांगणार, बाकावरच्या मुलाबद्दल अवाक्षर काढणार नाही. म्हणून गरज होती ती फोनला काही न विचारता त्याची संपूर्ण स्मृती, पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत, आहे तशी उतरवून घेण्याची.

नेदरलँड्सच्या सरकारी न्यायवैद्यक संस्थेतील मार्सेल ब्रूव्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याचे तीन मार्ग सविस्तर लिहून ठेवले. तिसरा सर्वांत आडदांड. मंडळावरची स्मृतीची चिप गरम हवेने डाग वितळवून काढायची, तिचे पाय स्वच्छ करायचे आणि स्वतंत्र वाचकात बसवायची. शिसेविरहित डाग सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळतो, चिप त्याहून थोडी अधिक उष्णता कशीबशी सोसते. एकदा चुकले की पुरावा संपला. दुसऱ्या मार्गात कारखान्यात मंडळ तपासण्यासाठी ठेवलेल्या टोकांना बारीक तारा जोडून मुख्य चिपकडूनच स्मृती वाचून घ्यायची. आणि पहिला मार्ग सर्वांत सोपा, तो म्हणजे दुरुस्तीवाल्यांची पेटी.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. लॅमिंग्टन रोडवर, मनीष मार्केटात, शिवडीसारख्या वस्तीतल्या टपरीएवढ्या दुकानात ‘मिरॅकल’, ‘व्होल्कॅनो’ अशा नावांच्या पेट्या असत. बंद पडलेल्या फोनमध्ये सॉफ्टवेअर पुन्हा भरणे, विसरलेला सांकेतिक शब्द उघडणे आणि, खरे सांगायचे तर, आयएमईआय बदलणे ही त्यांची कामे. पिना आपोआप शोधणारी सोय या पेट्यांत होती, कारण दुरुस्तीवाल्याला रोज नवा अनोळखी फोन समोर येई. प्रयोगशाळेसाठी बनवलेली महागडी उपकरणे नंतर आली, पण नकली फोनशी बोलण्याची विद्या आधी गल्लीत तयार झाली. शिक्षण नसलेली, इंग्रजी पुस्तिका न वाचलेली मुले हे करत होती. त्यांच्यातल्या काहींचा धंदा कायद्याच्या पलीकडचा होता हे नाकारता येत नाही. तरी विज्ञानाच्या इतिहासात कारागिराचे ऋण लिहायचे राहून जाते, तसे इथे होऊ नये.

पेटी फोनशी बोलते कशी? मीडियाटेकच्या चिपमध्ये जन्मजात एक छोटा कार्यक्रम कोरलेला असतो. फोन चालू होण्याच्या पहिल्या क्षणी तो बाहेरून कोणी हाक मारते का ते ऐकतो. संगणक चार बाइट पाठवतो. ए०, ०ए, ५०, ०५. चिप उत्तर देते. ५एफ, एफ५, एएफ, एफए. हे काय गौडबंगाल आहे? सोळा-पायाच्या संख्या दोन-पायात लिहून पाहा. ए० म्हणजे १०१०००००. ५एफ म्हणजे ०१०१११११. प्रत्येक १ चा ० आणि ० चा १. बाकीच्या तीन जोड्या विद्यार्थ्यांना करू द्या. हे उलटे उत्तर आले की संगणकाला खात्री पटते, समोर नुसता प्रतिध्वनी नाही, खरोखर कोणी ऐकते आहे. मग संगणक स्वतःचा छोटा कार्यक्रम आत धाडतो आणि तो कार्यक्रम स्मृती बाइटमागून बाइट बाहेर पाठवू लागतो. फोनचे नाव कोणतेही छापलेले असो, चिपची मातृभाषा बदलत नाही. नकली फोनचा हाच कच्चा दुवा ठरला.

हाती काय येते? १६ किंवा ३२ मेगाबाइटांचा सलग ढिगारा. त्यात ना नावे, ना कप्पे. यातून फोटो शोधायचा तर फोटोची जात ओळखता आली पाहिजे. मोबाइलचा फोटो बहुधा जेपेग पद्धतीने साठवलेला असतो. ही पद्धत १९९२ मध्ये प्रमाण झाली आणि तिच्या पोटात जे गणित आहे ते बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्येक जेपेग एफएफ डी८ या दोन बाइटांनी सुरू होतो आणि एफएफ डी९ ने संपतो. ढिगाऱ्यात एफएफ डी८ शोधा, तिथून एफएफ डी९ पर्यंत कापून घ्या, झाला फोटो. इतके सोपे असते तर! मोठ्या फोटोच्या पोटात पुष्कळदा त्याचेच छोटे रूप ठेवलेले असते, त्यालाही सुरुवात आणि शेवट असतो. आंधळेपणाने कापणारा कार्यक्रम छोट्याच्या शेवटाला मोठ्याचा शेवट समजतो.

त्याहून मोठी अडचण तुकड्यांची. ६४० गुणिले ४८० म्हणजे ३,०७,२०० बिंदू. प्रत्येकाला तीन रंगांचे तीन बाइट धरले तर ९,२१,६०० बाइट. जेपेग हे दाबून साधारण ४० किलोबाइटांत बसवतो. ५१२ बाइटांच्या खणांत ठेवायचे तर ८० खण लागतात. हे खण एकापाठोपाठ असतील तर आनंदच. पण फ्लॅशमध्ये ते वेगवेगळ्या पाट्यांवर विखुरलेले असू शकतात आणि त्यांचा क्रम सांगणारे कोष्टक चिपच्या सॉफ्टवेअरजवळ असते, ज्याची माहितीपुस्तिका आपल्याजवळ नाही. ते कोष्टक ढिगाऱ्यातूनच अंदाज करत, ओळखीचा फोटो त्याच जातीच्या दुसऱ्या फोनमध्ये ठेवून, पुन्हा पुसून, पुन्हा वाचून उलगडावे लागते. खरे कष्ट इथे आहेत आणि ते प्रत्येक नव्या जातीला पुन्हा करावे लागतात. एक खण हरवला, तर जेपेगमधला प्रत्येक संकेत आधीच्यावर अवलंबून असल्यामुळे त्यापुढचे चित्र बिघडते. वरचा भाग स्वच्छ, मग एकदम रंगांचे पट्टे, खाली करडा पडदा. असे अर्धे फोटो या कामात पूर्ण फोटोंपेक्षा जास्त मिळतात.

शिवडीतल्या एका शाळेत शिक्षकांच्या शिबिरात हे करून दाखवायचे ठरले तेव्हा मी बाजारातून जुने मेमरी कार्ड विकत घेतले होते. कार्ड रिकामे दिसत होते. ‘फोटोरेक’ हा मोफत मिळणारा कार्यक्रम चालवला आणि थोड्याच वेळात पडद्यावर एका चाळीची गॅलरी आली. कठडा, वाळत घातलेले कपडे, फुग्यांची माळ आणि एका लहान मुलाचे कपाळापर्यंतचे डोके. त्याखाली करडा रंग. शिबिरात क्षणभर शांतता पसरली. मग एका बाईंनी विचारले, “सर, हा कोणाचा फोटो? कधीचा?” यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर कार्डात नव्हते. आम्ही कार्ड तिथल्या तिथे पूर्ण भरून पुसून टाकले आणि पुढचा प्रयोग शाळेच्याच नव्या कार्डावर केला. तुम्ही वर्गात हा प्रयोग कराल तर पहिल्यापासून तसेच करा. विद्यार्थ्याचा किंवा बाजारातला फोन यासाठी कधीही घेऊ नका.

पण त्या बाईंचा प्रश्न हाच या शास्त्राचा गाभा आहे आणि तो मोबाइलपेक्षा पुष्कळ जुना आहे.

९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे इंग्रज रेसिडेंट कर्नल फेयर यांनी पपनसाच्या सरबताचे एक-दोन घोट घेतले, बरे वाटेना म्हणून उरलेले फेकून दिले, आणि मग पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. म्हणजे सरबत ‘पुसले’ गेले होते, गाळ राहिला होता. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो मुंबईला पाठवला. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांनी त्यात सोमल असल्याचा निर्वाळा दिला. चकाकणारे काही कणही होते, ती हिऱ्याची पूड असल्याची चर्चा झाली. महाराज मल्हारराव गायकवाडांवर विषप्रयोगाचा आरोप आला आणि सहा जणांचे चौकशी मंडळ बसले. तिघा इंग्रज सभासदांनी महाराजांना दोषी ठरवले. शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. पेल्यात सोमल होता, याबद्दल फारसा वाद नव्हता. तो कोणाच्या सांगण्यावरून पडला हे सोमल सांगू शकत नव्हता. सरकारने महाराजांना एप्रिल १८७५ मध्ये गादीवरून काढलेच, कारण मात्र गैरकारभाराचे दिले.

मुंबईत रासायनिक विश्लेषकाची ही परंपरा तेव्हापासून चालत आली. १९५८ मध्ये राज्याची न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळा उभी राहिली, आज तिचे मुख्य ठिकाण कलिन्याला आहे. पेल्यातल्या गाळाच्या जागी आज मेमरी चिप येते. मर्यादा मात्र तीच. ढिगाऱ्यातून कापून काढलेला फोटो एवढेच सिद्ध करतो, की हे चित्र या चिपमध्ये होते. तो याच फोनने काढला की कोणी पाठवला? मालकाने पाहिला तरी होता का? केव्हाचा? नाव आणि तारीख पटावर लिहिलेली असते आणि पट तर रद्द झालेला. फोटोच्या पोटात तारीख सापडली तरी नकली फोनमध्ये तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा अनेक फोनांत बॅटरी काढली की घड्याळ कारखान्यातल्या कुठल्यातरी जुन्या तारखेवर जाऊन बसते.

यातल्या एका प्रश्नाला भौतिकशास्त्राने छान उत्तर दिले आहे. कॅमेऱ्याच्या संवेदकावरचा प्रत्येक बिंदू प्रकाशाला अगदी सारखा प्रतिसाद देत नाही. कोणी किंचित जास्त, कोणी किंचित कमी. हा खडबडीतपणा प्रत्येक फोटोवर फिकट जलचिन्हासारखा उमटतो आणि तो त्या एकाच कॅमेऱ्याचा असतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या यान लुकाश, जेसिका फ्रिडरिच आणि मिरोस्लाव गोल्यान यांनी २००६ मध्ये यावरून कॅमेरा ओळखण्याची रीत दाखवली. संशयित फोनने कोऱ्या भिंतीचे पुष्कळ फोटो काढायचे, त्यांतून त्याचा ठसा मिळवायचा आणि सापडलेल्या फोटोशी ताडायचा. बारीक आणि फार दाबलेल्या फोटोत ठसा अंधुक होतो, म्हणून उत्तर नेहमी शक्यतेच्या भाषेत येते. आणि फोन ठरला तरी बटण दाबणारे बोट ठरत नाही.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. प्रयोगशाळेत उतरवलेली प्रत मूळ चिपसारखीच आहे, मध्ये कोणी काही घातले नाही, हे न्यायालयाला कसे पटवायचे? आपल्याला नऊचा ताळा माहीत आहे. मोठा गुणाकार बरोबर आला का हे एका अंकाने पडताळतो. ‘हॅश’ हा त्याचाच अवाढव्य भाऊ. १६ मेगाबाइटांतला एक बिट बदलला तरी तो पूर्ण निराळा येतो. जप्तीच्या वेळी हॅश काढून पंचनाम्यात लिहिला, तर वर्षानंतरही प्रत ताडून पाहता येते. कागदाचीही अट आहे. जालना मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. त्यात वाद होता तो निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफितींच्या प्रतींचा. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की मूळ यंत्र हजर केले नाही तर प्रतीबरोबर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश लिहिण्याची जागाच दिलेली आहे.

हा सगळा खटाटोप आता इतिहासजमा होत चालला आहे. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून प्रत्येक नव्या फोनमधली माहिती कुलूपबंद करूनच साठवली जाते. चिप काढून वाचली तरी हाती येतो तो निरर्थक ढिगारा, त्यात एफएफ डी८ सापडलेच तर तो योगायोग. चावी पुसली की सगळे फोटो एका क्षणात गेले, मूल आणि बाक दोन्ही नाहीसे. तपासनीस आज फोनपेक्षा दूरच्या संगणकांवर ठेवलेल्या प्रतींकडे आणि फोटो ज्यांना पाठवला त्यांच्या फोनकडे अधिक पाहतात.

मेमरी कार्ड मात्र अजून पुष्कळदा जुन्याच पद्धतीने, कुलपाशिवाय लिहिले जाते, आणि घराघरांतल्या खणांत पडलेले चायना मोबाइलही तसेच आहेत. भंगारवाला प्लास्टिकच्या बादलीबरोबर ते घेऊन जातो. असे कार्ड देण्याआधी नुसते ‘फॉरमॅट’ करणे पुरत नाही, त्याने बहुधा पट तेवढा कोरा होतो. कार्ड पूर्ण भरेपर्यंत त्यावर कसलेही लांबलचक चित्रण करावे, फळ्याचे केले तरी चालेल, आणि मग ते पुसावे. फोनच्या आतल्या चिपला एवढेही पुरेलच असे नाही, कारण काही पाट्या फोन स्वतःसाठी राखून ठेवतो. त्यावर सोपा उपाय हातोडीचा आहे, पण आधी बॅटरी काढून बाजूला ठेवा.